मदत हवी आहे: आईबाबांना विपश्यनेसाठी काठमांडूला पाठवायचंय, तयारी काय?

करवीरकर: नमस्कार मंडळी. आई (६२) आणि बाबा (६७) डिसेंबरात काठमांडूजवळच्या बुढानीलकंठ इथल्या धर्मशृंग केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला जायचं म्हणतात. दोघंही पहिल्यांदाच. पासपोर्ट नाही, आधार आणि मतदार कार्ड आहे. बाबांना साखर, आईचे गुडघे दुखतात. विमान स्वस्त दिसतंय, आजच तिकीट काढू का?

रंकाळाकाठ: अजिबात नको. आधी केंद्राचा ऑनलाइन फॉर्म, मग जागा पक्की झाल्याची मेल, आणि मगच तिकीट. स्त्री-पुरुषांच्या जागा वेगवेगळ्या असतात, त्यामुळे बाबांची पक्की आणि आईची प्रतीक्षा यादीत, असं सर्रास होतं. फॉर्म दोघांचे स्वतंत्र भरा. पक्की झाल्यावरही 'येणार आहोत' असं उलट कळवायला सांगतात. ती मेल स्पॅममध्ये पडून राहिली की जागा दुसऱ्याला जाते.

तारखा मोजताना घोळ होतो. दहा दिवसांच्या शिबिराला बारा तारखा लागतात. १ तारखेला दुपारी हजर व्हायचं, १२ ला सकाळी सुटका. मध्ये उठून येता येत नाही. परतीचं विमान १३ चं धरा.

उजळाईवाडी_टर्मिनल: कागदपत्रांचं नीट बघा. भारतातून थेट नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मूळ मतदार कार्ड चालतं, व्हिसा लागत नाही. आधार फक्त १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांना. म्हणजे बाबांचं आधारवर भागेल, आईचं भागणार नाही. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. आणि तिसऱ्या देशातून फिरून जाणारं स्वस्त तिकीट घेऊ नका, तिथे पासपोर्टच लागतो.

करवीरकर: आईच्या मतदार कार्डावर माहेरचं आडनाव आहे ओ. आधारवर सासरचं.

उजळाईवाडी_टर्मिनल: मग तिकीट माहेरच्याच नावाने काढा, कार्डावरच्या इंग्रजी स्पेलिंगसकट. दारापासून इमिग्रेशनपर्यंत तेच एक कार्ड दाखवायचं, मध्येच आधार काढायचं नाही. नाव बदलायला फॉर्म ८ आहे, पण ते आल्यावर करा. आत्ता अर्ज टाकून कार्ड अडकायला नको.

दिल्लीमार्गे जाणार असाल तर दोन वेगळी तिकिटं काढू नका. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी हात वर करते. डिसेंबरात दिल्लीला सकाळी धुकं असतं, म्हणून दुपारचं विमान घ्या आणि काठमांडूत एक दिवस आधी पोचा.

गंगावेस: बाबांच्या साखरेकडे जरा जास्त लक्ष द्या. शिबिरात सकाळी साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नवीन साधकांना चहा-फळं. रात्रीचं जेवण नाही. अकराच्या जेवणानंतर पोटभर खाणं थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्री साखर उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनला ती भीती कमी. हे वेळापत्रक कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा आणि डोस ठरवून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. फॉर्ममध्ये आजार आणि औषधं खरी लिहा. लपवलेलं तिथल्या विचारपूशीत निघालं तर दारातून परत यावं लागेल. आईच्या गुडघ्यांचंही लिहा, खुर्ची मिळते.

औषधं पंधरा-सोळा दिवसांची, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन सामानात टाकू नका, विमानाच्या पोटात गोठलं की वाया. घरचं चूर्ण बिनलेबलच्या पिशवीत नको.

तांबडापांढरा: कपडे सैल आणि अंग झाकणारे. काठमांडू १४०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पहाटे चारला घंटा होते आणि डिसेंबरातली ती थंडी आपल्या गुलाबी थंडीसारखी नसते. थर्मल, कानटोपी, लोकरी मोजे, शाल हवीच. अत्तर, उदबत्ती, जपमाळ, पुस्तक, वही घरीच. आणि बाबांना सांगा, करकर वाजणारी कापशी कोल्हापुरी चप्पल नको! दहा दिवस मौन असतं, हॉलबाहेर एकटी तीच करकर बोलत राहील. रबरी तळव्याची साधी चप्पल बरी.

रंकाळाकाठ: पैशाचं राहिलं. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा जवळ ठेवा. नेपाळच्या Fonepay नेटवर्कच्या (आपलं PhonePe नव्हे) दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण सगळीकडे नाही. डेबिट कार्डाचा परदेशातला वापर मुळात बंद असतो, घरूनच चालू करा. शिबिराची फी नाही. शिबिर पूर्ण झाल्यावर इच्छा असेल तेवढं दान.

करवीरकर: आणि मोबाइल?

रंकाळाकाठ: पहिल्याच दिवशी जमा होतो. वीजबिल, हप्ते, ओटीपी लागणारी कामं आधी उरका. केंद्राचा फोन नंबर तुमच्याकडे हवा, अडीअडचणीला निरोप तिथूनच पोचतो. बाबा पेन्शनर असतील तर हयातीचा दाखला नोव्हेंबरातच देऊन टाका.