मदत हवी आहे: वॉर्डात शिकवणाऱ्या शिक्षकांचे प्रशिक्षण आणि त्यावरचे संशोधन

नमस्कार.

मी नवी मुंबईतील एका फिजिओथेरपी महाविद्यालयात शिकवते. आमच्या संलग्न रुग्णालयात डॉक्टर, नर्सिंगचे ट्यूटर आणि आम्ही फिजिओथेरपिस्ट असे तिन्ही शाखांचे लोक विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेपाशी शिकवतात. त्यांपैकी नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी वर्षभराचे प्रशिक्षण आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या प्रशिक्षणाने शिकवण्यात खरोखर फरक पडतो का, याचा नीट अभ्यासही त्याबरोबरच व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. एमबीबीएसला २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे यावर आधारलेला अभ्यासक्रम, लागू झाला. वैद्यकीय महाविद्यालयांतील शिक्षकांना वैद्यकीय शिक्षणाचा तीन दिवसांचा मूलभूत अभ्यासक्रम आणि जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पदोन्नतीसाठी पूर्ण करावे लागतात. नर्सिंगमध्ये एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी ‘नर्सिंग एज्युकेशन’ हा स्वतंत्र विषय असतो, त्यामुळे पाठनियोजन आणि मूल्यमापन यांत आमच्या ट्यूटर भगिनी इतरांपेक्षा बऱ्याच पुढे आहेत, आणि प्रशिक्षणाचे नेतृत्व केवळ डॉक्टरांकडे नसावे असे मला वाटते, ते याच कारणाने.

माझी खरी अडचण कार्यशाळा संपल्यानंतरची आहे. प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्याच्या कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील: सहभागींचे समाधान, त्यांनी काय शिकले, प्रत्यक्ष कामात काय बदलले आणि त्याचा अंतिम परिणाम काय झाला. आपल्याकडचे बहुतेक मूल्यमापन पहिल्या पातळीवरच थांबते. शेवटच्या सत्रात अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला जातो, सगळे ‘अतिशय उपयुक्त’वर खूण करतात आणि प्रमाणपत्र घेऊन वॉर्डात परततात.

वॉर्डात काय घडते, याचे एक उदाहरण देते. गुडघ्याचे प्रत्यारोपण झालेल्या आजींचा गुडघा किती वाकतो, हे एक विद्यार्थी गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याच्या उपकरणाने, मोजत होता. त्याने उपकरणाचा मध्यबिंदू गुडघ्याच्या वाटीवर धरला होता. तो मांडीच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्यावर हवा. शिक्षकाने गोनिओमीटर त्याच्या हातून घेतला, योग्य जागी लावला, अंश वाचून दाखवले आणि पुढच्या खाटेकडे वळला. विद्यार्थ्याने तो आकडा जर्नलमध्ये उतरवला. आपली जागा चुकली होती आणि ती का चुकली, हे त्याला कळले की नाही, हे कोणीच विचारले नाही. हा शिक्षक हुशार आणि तळमळीचा आहे, आणि त्याने प्रशिक्षणही घेतलेले आहे. म्हणूनच कार्यशाळेत शिकलेले खाटेपाशी का उतरत नाही, हा प्रश्न मला अभ्यासावासा वाटतो.

आता नेमके काय विचारायचे आहे ते मांडते. शिक्षकांच्या वर्तनातील बदल मोजायचा तर निरीक्षण कोणी आणि कसे करावे, म्हणजे ते तपासणीसारखे वाटणार नाही? तुलनेसाठी काही शिक्षकांना प्रशिक्षणापासून दूर ठेवणे मला पटत नाही. त्याला पर्याय कोणता? माझेच विद्यार्थी अभ्यासात सहभागी होणार असतील, तर त्यांची संमती खरोखर स्वेच्छेची कशी राहील? शिवाय परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ मध्ये सुरू झालेली फायमर फेलोशिप (आरोग्यशिक्षण देणाऱ्या शिक्षकांसाठीचा प्रशिक्षणक्रम) फिजिओथेरपी किंवा नर्सिंगच्या कोणा शिक्षकाने केली असल्यास, नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून ती कशी निभावली, हेही जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद १

मी ठाण्यात राहतो आणि एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वैद्यकीय शिक्षण विभागात काम करतो. आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे.

तुलनेसाठी कोणालाही वंचित ठेवण्याची गरज नाही. शिक्षकांचे दोन गट करून पहिल्याला पहिल्या सत्रात आणि दुसऱ्याला पुढच्या सत्रात प्रशिक्षण द्यावे. मधल्या काळात दुसरा गट आपोआप तुलनेसाठी उपलब्ध होतो. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. सहा शिक्षकांनी साठ विद्यार्थ्यांना शिकवले, तर ती साठ स्वतंत्र उदाहरणे ठरत नाहीत, कारण एकाच शिक्षकाचे विद्यार्थी एकमेकांसारखे असतात. आपल्याकडचे अनेक निबंध इथेच घसरतात. संख्या लहान असेल तर आकड्यांवर फार भार न टाकता शिक्षकांच्या सखोल मुलाखती घ्याव्यात.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अध्यापन पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासाला नैतिक परीक्षणातून सूट मिळू शकते, परंतु ती सूट द्यायची की नाही हे नैतिकता समितीच ठरवते, संशोधक नव्हे. त्यामुळे प्रस्ताव समितीकडे न्यावाच लागेल, आणि तोही काम सुरू करण्यापूर्वी. संमती आपण स्वतः न घेता विद्यार्थ्यांच्या गुणांशी संबंध नसलेल्या व्यक्तीने घ्यावी आणि कोणी संमती दिली हे निकाल लागेपर्यंत आपल्यालाही कळू नये.

निरीक्षणासाठी समपदस्थ सहकारी निवडावा, विभागप्रमुख नको. काय पाहायचे, हे १९९२ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘वन मिनिट प्रीसेप्टर’ पद्धतीतून घेता येईल. विद्यार्थ्याला आधी त्याचे मत ठामपणे मांडायला लावायचे, त्याचे कारण विचारायचे, एक सर्वसाधारण नियम सांगायचा, बरोबर केलेले नेमके दाखवायचे आणि चुकलेले दुरुस्त करायचे. आपल्या उदाहरणातल्या शिक्षकाने पहिल्या चार पायऱ्या गाळून थेट पाचवी गाठली, आणि तीही विद्यार्थ्याच्या हातून न करवता. दोन निरीक्षकांनी काही सत्रे स्वतंत्रपणे नोंदवून आपली मते किती जुळतात, ते आधी तपासावे.

धागाकर्ती

मनापासून आभार. टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देण्याची कल्पना आमच्याकडे सहज बसेल, कारण क्लिनिकल पोस्टिंगच्या तुकड्या तशाही आळीपाळीनेच येतात. सुट्टीवर जाणाऱ्या वा बदली होणाऱ्या शिक्षकांमुळे गट विस्कळीत होतील, एवढी एक शंका उरते; त्याचा हिशेब अशा अभ्यासात कसा मांडतात, हे कृपया सांगावे. त्या पाच पायऱ्यांवर आधारलेली निरीक्षणपत्रिका तयार करून तिचा कच्चा मसुदा मी याच धाग्यावर देईन. वॉर्डात रोज शिकवणाऱ्यांनी, विशेषतः नर्सिंगच्या ट्यूटरांनी, त्यातील अव्यवहार्य मुद्दे निःसंकोच खोडावेत, ही विनंती.