प्रतिसाद: थंडीने लॉन पिवळं पडलं

वर कुणी म्हटलं की लॉन पिवळं दिसताच युरिया टाकून भरपूर पाणी सोडा. जानेवारीत तरी नको. पारा ७-८ अंशांवर आला की हरळी झोपते, मरत नाही. अशात खत उचललं जात नाही आणि आपली काळी जमीन पाण्याने थंडगारच राहते. आधी चार-पाच ठिकाणी खुरप्याने उकरून जमिनीखालची कांडी बघा. पांढरी, टणक असेल तर जिवंत. तपकिरी आणि पिचपिचीत असेल तेवढंच ठिगळ नव्याने लावायचं. हिरवे कोंब नीट दिसू लागले, साधारण फेब्रुवारीच्या मध्यावर, की वाळलेलं गवत इंचभर ठेवून कापा, कचरा दाताळ्याने ओढून काढा. अर्धंअधिक हिरवं झाल्यावर गुंठ्याला एक किलो युरिया, लगेच पाणी. मेक्सिकन लॉन मात्र सावकाश भरतं, घाई करू नका.

तणनाशकाचं कुणीच बोललं नाही. सोयाबीनचं उरलेलं पेंडिमेथॅलिन अशा लॉनवर मारू नका. ते कोवळ्या मुळांची वाढ थांबवतं, त्यामुळे पसरणाऱ्या वेलाची पेरं जमिनीत रुजत नाहीत आणि रिकामे डाग तसेच राहतात. तेवढं तण हातानेच उपटा.