अर्धवट उघडून ठेवलेली एमजीबी घ्यावी का?

बारा_तेराचा_पाना
नमस्कार मंडळी. ओळखीतल्या एका काकांकडे 1971 ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. आहे म्हणजे, तिचे सगळे भाग आहेत. बरीच वर्षं ते तिच्या मागे होते. आता कंबर साथ देत नाही म्हणून मला म्हणाले, "तूच घे, तुला हात काळे करायची हौस आहे." माझी हौस मोटारसायकलींची. इंजिन उघडून परत जोडणं, कार्ब्युरेटर साफ करून जुळवणं हे जमतं. पत्र्याचं काम मात्र कधी केलेलं नाही.

सध्याची अवस्था: बॉडी चाकांवर उभी, सगळीकडे राखाडी प्राइमर. फ्लोअर नवीन. डाव्या बाजूचं सिल (दाराखालची लांब पट्टी) नवीन लावलंय, उजव्या बाजूचं विकत आणून ठेवलंय. इंजिन स्टँडवर, हेड उतरवलेलं, "बोर करून आणलंय" (म्हणजे सिलिंडर आतून कातून थोडे मोठे केलेत) असं काका म्हणतात. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, गिअरबॉक्स, क्रोमचे बंपर, सगळं आहे. दारं काढून गोधडीत गुंडाळून नीट ठेवलीत. टायर नवे कोरे. खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्यात, पण शेवटच्या चार-पाच खोक्यांवर नुसतंच "इतर". कागदपत्रं त्यांच्याच नावावर.

किंमत चालू गाडीच्या मानाने फारच कमी सांगतायत. अट एकच: "तुकडे करून विकायची नाही." घेऊ का?

चालती_बरी
नका घेऊ. 1962 ते 1980 या काळात या गाड्या 5 लाखांहून जास्त बनल्या. दुर्मिळ वगैरे काही नाही. दुसऱ्या कुणीतरी पैसे ओतून पूर्ण केलेली शोधा आणि चालवा. अर्धवट गाडीत आधीच्या माणसाचा झालेला खर्च तुम्हाला फुकट मिळतोय असं वाटतं, पण त्यातलं किती काम परत करावं लागणार ते कुणीच सांगत नाही.

जुनाट_गॅरेज
वरच्यांशी निम्मा सहमत. पण मला एक सांगा: बॉडी प्राइमरमध्ये आहे, रंगाचा पत्ता नाही, मग दारं का काढलीत? सिलचं काम चालू असताना दारं बिजागरीवर हवीत. तीच तर मोजपट्टी.

या गाडीला वेगळी चासी नाही. रोडस्टरला वर टपही नाही. म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरायचं बरंचसं काम दाराखालची सिलं करतात. (जीटी म्हणजे टपवाली एमजीबी, तिला टपाचा आधार असतो, तिथे थोडं निभावतं.) आणि सिल म्हणजे एक पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला उभा पत्रा आणि खालचा पन्हळीसारखा भाग मिळून एक बंद पेटी होते. ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करून घ्यावा लागतो. तो न घेता कापलं तर बॉडी मधे खचते, आणि नवीन सिल त्या खचलेल्या मापात कायमचं बसतं. बाहेरून दिसायला सुरेख.

जाऊन एवढं बघा. डावं दार बिजागरीवर चढवा आणि लावून पाहा. वरच्या बाजूची फट खालच्यापेक्षा अरुंद असेल किंवा दार वर घासत असेल तर बॉडी मधे बसलेली आहे. सध्या पुढे इंजिनाचं वजनही नाही हे लक्षात ठेवा, ते चढलं की फट आणखी मिटेल. मग मागच्या मडगार्डाचा खालचा भाग पाहा. पुढचं मडगार्ड बोल्टवर निघतं, मागचं वेल्ड केलेलं असतं. त्याचा खालचा तुकडा कापल्याशिवाय सिल पूर्ण लांबीचं बसतच नाही. तिथे कापून जोडल्याची खूण दिसली नाही तर नवीन सिल जुन्या गंजावर नुसतं चढवलंय असं समजा. खिशात लोहचुंबक असू द्या, जाड पुट्टीवर ते चिकटत नाही, त्यामुळे किती भरलीय ते लगेच कळतं.

आणि साधा प्राइमर ओल शोषतो. बॉडी किती काळ तशीच उभी आहे ते विचारा. इपॉक्सी प्राइमर मारला असेल तर गोष्ट वेगळी.

क्रँकशाफ्ट
इंजिनाबद्दल थोडं. "बोर करून आणलंय" हे वाक्य मी खूप ऐकलंय. पावती आहे का? नसेल तर पिस्टनचा माथा पुसून बघा. मोठ्या मापाचे असतील तर बहुतेक वेळा आकडा कोरलेला दिसतो, 030 म्हणजे इंचाचे तीस हजारांश. बोरमध्ये बोट फिरवा. तेल लावून ठेवलं नसेल तर हेड काढलेल्या ब्लॉकमध्ये गंजाचं कडं तयार होतं आणि मशीनचं काम परत आलं.

कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या टोप्या जागच्या जागी आहेत ना? त्या जोडीनेच मशीन केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. त्या "इतर" खोक्यांत सुट्या सापडल्या तर डोक्याला हात लावा.

टायरवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2309 असेल तर 2009 सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेलं रबरसुद्धा म्हातारं होतं. ब्रेकच्या नळ्या आणि सिलिंडरच्या सीलचंही तेच.

बाकी तुमचा बारा-तेराचा पाना इथे काय कामाचा? या गाडीला इंचाचे पाने लागतील.

वायरमन
खोकी उघडाल तेव्हा वायरिंग बघाच. मूळ हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) तपकिरी म्हणजे कायम चालू, पांढरी इग्निशनवर, हिरवी इग्निशन आणि फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ. सगळीकडे एकाच रंगाच्या वायरी जोडलेल्या दिसल्या तर हार्नेस नवीनच धरा.

बारा_तेराचा_पाना
जाऊन आले. सगळ्यांचे आभार, विशेषतः जुनाट यांचे.

इंजिन खरंच चांगलं निघालं. पिस्टनवर 030 आहे, बोर तेलकट, टोप्या सगळ्या जागेवर. टायर कोडाप्रमाणे म्हातारे. वायरिंग मूळचंच, पण कडक झालंय.

डावं दार काकांच्या मदतीने चढवलं. वरच्या मागच्या कोपऱ्यात घासतंय, ढकलूनही लागत नाही. मागच्या मडगार्डाला कापल्याची खूण नाही, आणि खाली चुंबक चिकटतच नाही. काकांना सरळ विचारलं, काम कधी थांबवलंत? थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे दार लागेना, तेव्हाच." कंबरेचं दुखणं नंतरचं. घोडं पेंड खात होतं ते इथे.

जुनाट_गॅरेज
मग डावी बाजू परत कापावी लागणार. दोन्ही चौकटींत आधार लावून, बॉडी मापात आणून, दारं लटकवून, मग सिल. हे पहिल्यांदा वेल्डिंग हातात घेणाऱ्याचं काम नाही. दुसरा रस्ता म्हणजे अख्खी नवीन बॉडी. ब्रिटिश मोटर हेरिटेज 1988 पासून एमजीबीच्या बॉड्या बनवते. पण तसं केलंत तर काकांकडून तुम्ही घेताय ते फक्त इंजिन, सुटे भाग आणि कागद, आणि किंमतही तेवढीच द्यायला हवी. शिवाय जुनी ओळख नव्या बॉडीवर नेण्याचे नियम आधी विचारून घ्या, नाहीतर गाडी तयार आणि रस्त्यावर नेता येत नाही अशी गत.

चालती_बरी
आणि ती अट? तुकडे करायचे नाहीत असा शब्द देऊन बसलात आणि उद्या काम जमलं नाही, तर ना विकता येणार ना पूर्ण करता येणार. भिजत घोंगडं त्यांच्या शेडमधून तुमच्या शेडमध्ये येईल, एवढंच.

बारा_तेराचा_पाना
नाही म्हणून सांगितलं. पत्र्याचं काम बाहेर द्यायचं तर माझ्या आवाक्याबाहेर आहे, आणि शिकायचं तर या गाडीवर नाही. काकांना वाईट वाटलं, पण दाराची गोष्ट दोघांनाही माहीत झाल्यावर त्यांनी आग्रह धरला नाही.

इंजिन मात्र त्यांना जुळवून देतेय. हेड बसवून बंद केलं की बोर सुरक्षित राहतील, आणि ज्याला वेल्डिंग येतं अशा कुणाला गाडी देताना जमेची बाजूही होईल. "इतर" खोकी आधी उपसायला घेतलीत. क्रँकशाफ्ट, इंचाच्या पान्यांचा सेट काकांकडे पूर्ण आहे, माझा बारा-तेराचा घरीच ठेवलाय.