धंद्यातल्या बायकांनीच केलेला सर्वे: अभ्यास की वकिली?

कृष्णाकाठ
संग्राम ही सांगलीची संस्था, व्हॅम्प ही तिच्यासोबतची वेश्याव्यवसायातल्या बायकांची संघटना. त्यांच्याबद्दल परवा पेठकरांनी एका गटावर लिहिलं: "सांगलीच्या संग्राम-व्हॅम्पवाल्यांनी पोलीस धाडींवर 'रेडेड' नावाचा अहवाल काढलाय. धंद्यातल्या बायकांची संघटना धंद्यातल्या बायकांचाच अभ्यास करणार! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." डोकं फिरलं. तिथे भांडत बसलो नाही, इथे लिहितो.

२०१८ चा तो अहवाल उघडलात तरी का? धाडीत उचललेल्या २४३ जणींपैकी १९३ जणी सांगतात की आम्ही मर्जीने धंद्यात होतो, सोडवा म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. पंचनाम्यात हे कधी येईल? तिथे सगळ्या 'पीडित' आणि सगळ्यांची कहाणी एकच. शेतकरी संघटनेने कांदा उत्पादकांचा सर्वे केला तर कुणी नाक मुरडत नाही. इथेच बरा निःपक्षपातीपणा आठवतो.

पेठकर
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. कांद्याच्या भावाला बाजार समितीची पट्टी असते, मर्जीची पट्टी कोण देतं? समोर संघटनेची बाई, शेजारी घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी. कोण म्हणेल मला जबरदस्तीने आणलं? आणि १९३ चा गजर करताना उरलेल्या ५० जणी कुठे गेल्या?

पुण्याच्या बुधवार पेठेत, याच वस्तीत, आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बायकोला घेऊन येतं, गल्ली बघतं आणि माघारी फिरतं. पार्किंगचं तर बोलूच नका. आमचा सर्वे कुणी करणार का?

अनघा_म
आलं, पार्किंग आलं!

घरवाली शेजारी बसते हा मुद्दा खरा, पण तो बाहेरच्यांनाही लागू आहे. समाजकार्याच्या पदवीला (एमएसडब्ल्यू) असताना आम्हाला याच पेठेत प्रश्नावल्या भरायला पाठवलं होतं. बाई वरच्या जिन्यात लसूण सोलत बसलेली. "या व्यवसायात कशा आलात?" मान वर न करता तिने सांगितलं: नवऱ्याने टाकलं, मावशीने नोकरीच्या नावाने आणून विकलं. मी भराभर लिहून घेतलं. खाली उतरल्यावर सोबतची पिअर एज्युकेटर, म्हणजे याच बायकांमधली आरोग्य कार्यकर्ती, हसायलाच लागली. "ताई, मागच्या खेपेला दुसऱ्या कॉलेजच्या पोरी आल्या तेव्हा हिला सावत्र आईने विकलं होतं. जे ऐकून पोरी लवकर उठतात ते सांगते ती."

मग त्या पिअरनेच एकदा तिला विचारलं, शेवटचा मार कुणाचा खाल्लास आणि तेव्हा हाक कुणाला मारलीस? त्यावर बाई थांबेना. गिऱ्हाइकांपेक्षा हवालदाराबद्दल आणि तिच्या 'मालका'बद्दलच (नवऱ्यासारखा राहणारा यार) जास्त बोलली. आमच्या जाडजूड प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता.

माणदेशी
एका बाईच्या लसणावर सिद्धांत उभा करू नका. पैसा कुणाचा ते बोला. परदेशी फंड देणाऱ्याला हवा तोच निष्कर्ष निघतो.

कृष्णाकाठ
वा! २००५ साली अमेरिकेने अट घातली होती की मदत हवी तर आपण वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्या. संग्रामने तो पैसा नाकारला. फंडासाठी निष्कर्ष विकायचा असता तर सही करून मोकळे झाले असते.

माणदेशी
बरं, हा मुद्दा तुमचा. फ्रेम करून भिंतीवर लावा.

गोकुळनगरचा
मी सहसा लिहीत नाही. आई याच धंद्यात होती. पिटाचं, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं, कलम ४ वाचा: अठरा पूर्ण झालेला कुणीही धंदा करणाऱ्या बाईच्या कमाईवर जाणूनबुजून जगला तर दोन वर्षांपर्यंत कैद. कॉलेजची फी आईने भरली तेव्हा मी अठराचा होतो. म्हणजे मी गुन्हेगार. आमच्याकडे सर्वेला आलेल्या कुठल्या प्राध्यापकाने हे विचारलं नाही, बैठकीत आयांनीच काढलं.

त्या ५० जणींची काळजी आम्हालाही आहे. पण नवी पोरगी वस्तीत आली, वय कमी दिसलं, तर पहिली कुणकुण पोलिसांना लागते की शेजारच्या खोलीतल्या बाईला? कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत दुर्बार या तिथल्या बायकांच्या संघटनेने नवीन येणारीची चौकशी करायला स्वतःची मंडळं नेमली ती याचसाठी.

वकीलीणबाई
धाडीनंतर काय होतं तेही सांगते. पिटाच्याच कलम १७ खाली दंडाधिकारी सज्ञान बाईलासुद्धा एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवू शकतो. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघींना सोडताना स्पष्ट म्हटलं की वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही. आणि पेठकर, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना काय करायला सांगितलं? सुधारगृहांचा सर्वे! मर्जीविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायका शोधायला.

पेठकर
कायदा मलाही येतो. पिटाचं कलम ७: देवळापासून २०० मीटरच्या आत धंदा चालत नाही. दगडूशेठ किती लांब आहे?

वकीलीणबाई
पेठेत २०० मीटरमध्ये देऊळ नाही अशी एक जागा दाखवा. ते कलम बायकांना हलवत नाही, भाडं वाढवतं. घरमालक म्हणतो धाडीची जोखीम माझी, टाका जास्त. करार नाही, पावती नाही, लाईट बिल वेगळं.

अनघा_म
पेठकर, तुमच्या दुकानाच्या वरच्या खोल्या कुणाच्या?

पेठकर
विषय काय चाललाय!

गोकुळनगरचा
विषय तोच आहे. सांगा की.

पेठकर
वाडा चुलत्यांच्या नावावर आहे. भाडं ते घेतात. आमच्या घरात एक पै येत नाही.

माणदेशी
म्हणजे गिऱ्हाईक तुमच्या काकांमुळे माघारी फिरतं!

पेठकर
माणदेशी, तुम्ही तर माझ्या बाजूने होतात ना? आणि काकांनी काय करायचं? बिल्डर भाडेकरूंच्या भांडणात हात घालत नाही, वाडा खचत चाललाय. दुसरं कोण राहणार तिथे?

कृष्णाकाठ
वाड्यांच्या पुनर्विकासाचा धागा वेगळा काढा हो. मूळ प्रश्न राहिला.

अनघा_म
नाही राहिला. खोली कुणाची, रोज किती मोजते, जिन्याला आतून कडी आहे का, हेच तर तिच्या सुरक्षिततेचे प्रश्न.

पेठकर
ठीक आहे. धाडींचं पटलं, चौकशीचं अर्धं पटलं. पण एकतर्फी नको, सर्वेत घरमालकांनाही विचारा.

गोकुळनगरचा
विचारू की. काकांपासून सुरुवात करू, भेट घालून द्या.

पेठकर
काका माझ्याशी बोलत नाहीत. वाटणीचा दावा चालू आहे.