पॅटला हेलिकॉप्टर दिलं आणि ग्रीनडेल संपलं

लीड्सची लेक

धाग्याचं नाव भडक आहे, मान्य. पण गेले पंधरा दिवस घरात रोज हेच भांडण चाललंय, म्हटलं इथे आणून टाकावं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'पोस्टमन पॅट' ही बाहुल्या एकेक फ्रेम हलवून केलेली ब्रिटिश मालिका. ग्रीनडेल नावाचं काल्पनिक गाव, लाल व्हॅन, शेजारच्या सीटवर जेस नावाचं काळं-पांढरं मांजर, आणि वाड्यावस्त्यांवर पत्रं वाटत फिरणारा पॅट. गोष्टी जॉन कनलिफ यांच्या, बाहुल्यांचं काम आयव्हर वुड यांचं. सप्टेंबर 1981 मध्ये बीबीसीवर सुरू झाली आणि पहिल्या खेपेला जेमतेम 13 भाग आले.

माझं म्हणणं असं, की खरी मालिका तेवढीच. त्या भागांची नावंच बघा. एकात धुकं, एकात पाऊस, एकात वारा, एकात उन्हाने घशाला पडलेली कोरड, एकात बर्फ. खलनायक कुणी नाही. त्या दिवशीची हवा हेच काय ते संकट. कुणाची बाहुली हरवली तर तो एका अख्ख्या भागाचा मामला. पत्र दारात पडेपर्यंत चहा, चौकशी, कुंपणाच्या फटीतून निघालेली मेंढरं, सगळं होतं.

2008 मध्ये पॅटची बदली झाली 'स्पेशल डिलिव्हरी सर्व्हिस'मध्ये. आता दर भागात एक खास पार्सल, ते वेळेत पोचवायची धावपळ, आणि दिमतीला हेलिकॉप्टर. आजी डोंगराच्या कडेला राहते, रस्ता अरुंद आहे, म्हणून तर गोष्ट घडत होती. वरून उडत गेलात की अंतरच उरत नाही. मग गाव कशाला हवं?

नवरा आणि साडेतीन वर्षांचे चिरंजीव हेलिकॉप्टरच्या बाजूने आहेत. मी घरात अल्पमतात आहे.

मँचेस्टरकर

ताई, पूर्ण असहमत. "खरी मालिका 13 भागांचीच" हे वाक्य वाचून जरा लागलंच.

त्या 13 भागांच्या ग्रीनडेलमध्ये आपल्यासारखं दिसणारं एक माणूस दाखवा. नाही सापडणार. आपली माणसं तिथे आली 2004 च्या सुमाराला. अजय बेन्स रेल्वे चालवतो, निशा कॅफे सांभाळते, आणि त्यांची मीरा पॅटच्या मुलाची, ज्युलियनची मैत्रीण. निशा-मीराचा आवाज आर्ची पंजाबीचा, अजयचा कुलविंदर घिरचा. बेन्स पंजाबी, आपण मराठी, हे मला कळतं. माझ्या चार वर्षांच्या मुलीला तो फरक कळत नव्हता. टीव्हीसमोर उभी राहून ती एवढंच म्हणाली, "हिची आई तुझ्यासारखी दिसते." तेव्हा तिच्या नर्सरीत तपकिरी रंगाची ती एकटीच होती.

तुम्हाला जे जुनं ग्रीनडेल गोड वाटतं, त्यात आपल्याला भाड्याने खोली मिळाली असती का, हे एकदा स्वतःला विचारा.

लीड्सची लेक

खोलीचा प्रश्न वर्मी लागला. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.

पण दोन गोष्टींची गल्लत नको. बेन्स कुटुंब 2004 चं, हेलिकॉप्टर 2008 चं. अजयची गाडी म्हणजे दुरुस्त करून रुळावर आणलेलं जुनं वाफेचं इंजिन. स्टेशनावर थांबतं, माणसं चढतात-उतरतात, निशाकडे चहा पितात. ते गावात मुरलं. तेव्हा "13च" हे मागे घेते. हेलिकॉप्टर मागे घेत नाही.

अमेय ठाणे

हळवेपणा पुरे झाला. 1981 चं इंग्लंड काय होतं आठवा. दंगलींत एप्रिलमध्ये लंडनचं ब्रिक्स्टन पेटलं, जुलैमध्ये लिव्हरपूलचं टॉक्सटेथ. बेकारी पंचवीस लाखांच्या पुढे. आणि दोन महिन्यांनी बीबीसी मुलांना काय दाखवते, तर मेजर फोर्ब्स, पाद्री टिम्स, सायकलवरच्या मिस हबर्ड, आणि सगळ्यांना हसून नमस्कार करणारा टपालवाला. प्रत्येकजण आपापल्या पायरीवर खूश. हे गाव तेव्हाही नव्हतं. ज्याला तुम्ही संथपणा म्हणता ती गुंगी होती.

कावळा

अमेय, तीन वर्षांच्या पोराला टॉक्सटेथ दाखवायचं होतं का? :)

आणि ताई, तुम्ही ज्याला तत्त्वज्ञान समजताय तो निम्मा खर्चाचा प्रश्न होता. सेकंदाला 25 फ्रेम. एकच पोझ दोनदा टिपली तरी पंधरा मिनिटांच्या भागाला अकरा हजारांवर पोझ लागतात. म्हणून जुन्या बाहुल्यांची तोंडं हलतच नाहीत. केन बॅरी हा एकटा माणूस निवेदन करतो, सगळ्यांचे आवाज काढतो, वर शीर्षकगीतही गातो. बाहुली नुसती मान डोलावते. धावपळ दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून धावपळ नाही. पैसे असते तर वुडसाहेबांनी पहिल्याच भागात विमान उडवलं असतं.

लीड्सची लेक

उडवलं नसतं. याच माणसाने 'पॅडिंग्टन'मध्ये अस्वलाची बाहुली ठेवली आणि बाकी माणसं सपाट कागदाची केली. बंधनातून घाट कसा काढायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ओवी जात्यावर जन्मली म्हणून तिला कुणी दळणाचा खर्च म्हणत नाही. तोंडं हलत नाहीत म्हणून तर आमचा मुलगा स्वतः बोलतो त्यांच्या वतीने, निम्मं मराठीत.

जुना टपाली

चाळीस वर्षं टपाल खात्यात काढली, वडीलही कोकणात शाखा डाकपाल होते. मालिका नातवाबरोबर पाहिली. राहवत नाही म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे हेलिकॉप्टरवर अडलात. मला त्या मालिकेत दिसलं ते तिकीट. रोलंड हिलने 1840 मध्ये पेनी पोस्ट आणलं, त्याचं सूत्र असं की पत्र शेजारच्या गल्लीत जावो की देशाच्या टोकाला, पैसे तेवढेच. आपल्याकडे 1854 मध्ये अर्ध्या आण्याला तेच झालं. थॉम्पसनांच्या शेतावर एक पत्र टाकायला व्हॅन चार मैल जाते, हा व्यवहार कुठल्याही दुकानदाराच्या हिशेबात आतबट्ट्याचा. तो भरून निघतो शहरातल्या पत्रांतून. लेक म्हणतात ते अंतर कुणीतरी सोसत होतं, म्हणून ती गोष्ट घडत होती. 'स्पेशल डिलिव्हरी' हा शब्दच उलटा आहे. खास पार्सल म्हणजे खास दाम. त्यामुळे हेलिकॉप्टरच्या बाबतीत मी लेकींच्या बाजूने, पण कारण वेगळं.

आता तिथलं खरं टपाल बघा. रॉयल मेलने 2000 मध्येच पॅटची साथ सोडली, तो आता आपल्या प्रतिमेत बसत नाही म्हणून. 2013 मध्ये रॉयल मेलचं खाजगीकरण झालं. आणि 2025 च्या जुलैपासून दुसऱ्या वर्गाची पत्रं एक दिवसाआड वाटायची मुभा नियामकाने दिली.

मिसेस गॉगिन्सचं तर बोलायलाच नको. दुकानवजा पोस्टात खिडकीमागे बसणारी ती म्हातारी तुम्हाला आठवत असेल. अशाच गावोगावच्या पोस्टवाल्यांना 1999 पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली दिली, फुजित्सू या जपानी कंपनीची. प्रणालीच चुकीची तूट दाखवायची. खात्याने माणसांना चोर ठरवलं. नऊशेच्या वर लोकांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, काहींनी घर विकून न झालेली तूट भरली. त्या शिक्षा सरसकट रद्द करायला 2024 मध्ये संसदेला कायदा करावा लागला. माझे वडील रात्री कंदिलाच्या उजेडात सव्वा रुपयाची तूट शोधत बसायचे, सापडेपर्यंत जेवायचे नाहीत. तूट मुळात नाहीच, पण यंत्र म्हणतंय आहे, अशा वेळी तो माणूस किती रात्री उपाशी बसला असता?

अमेय ठाणे

काका, हे मला जास्त पटलं. पण म्हणजे मुद्दा माझाच झाला ना. मालिका एक गोड चित्र दाखवत राहिली आणि चित्राच्या मागे पोस्ट बंद होत गेली. ज्या कार्यालयावरून ग्रीनडेलचं पोस्ट सुचलं, ते उत्तर इंग्लंडच्या केंडल गावातलं बीस्ट बँक्सचं पोस्टही 2003 मध्ये बंद पडलं.

जुना टपाली

चित्र होतं म्हणून काय गेलं ते तरी कळलं. यापुढे आपलं जमणार नाही असं दिसतंय.

मँचेस्टरकर

अवांतर: केंडलच्या उत्तरेला लाँगस्लेडेल नावाची दरी आहे, ग्रीनडेल तिच्यावरून घेतलं म्हणतात. आम्ही गेलो होतो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधून एकच गाडी जाईल एवढा रस्ता, आणि पुढे तो संपतोच. समोरून टपालाची व्हॅन आली. मला रिव्हर्स जमेना, तेव्हा त्या बाईने स्वतःची व्हॅन पाव मैल मागे घेतली आणि काच खाली करून विचारलं, कुठून आलात. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, तरी मागच्या सीटवरून मांजर शोधत होती. गावात आमच्यासारखं कुणी दिसलं नाही. चहा मात्र मिळाला. माझं मत तेच आहे, फक्त हे सांगावंसं वाटलं.

कावळा

ताई, निकाल काय लागला घरात?

लीड्सची लेक

काल चिरंजीवांनी टिश्यूच्या खोक्याचं हेलिकॉप्टर केलं, सोफ्यावर उतरवलं, आणि आतून हरवलेली बाहुली काढून माझ्या हातात दिली. सही पण मागितली. नवरा म्हणतो, तू हरलीस. मी म्हणते, बाहुली जुन्या भागातली आहे.