संत लेओदेगार: हुतात्मा की सत्तेच्या भांडणात हरलेला बिशप?

रानवाट
ओतांचा (आजच्या फ्रान्समधलं शहर) सातव्या शतकातला बिशप लेओदेगार याला चर्च हुतात्मा मानतं. मला ते पटत नाही. ६७३ मध्ये तिथल्या फ्रँक लोकांचा राजा तिसरा क्लोथार वारला. महालाचा कारभारी (राजाच्या नावानं सत्ता चालवणारा) एब्रोइन यानं सरदारांना न विचारता थ्यूडेरिकला गादीवर बसवलं. सरदार बिथरले, त्यांनी पूर्वेकडच्या ऑस्ट्रेशिया या फ्रँक राज्यातून थ्यूडेरिकचा भाऊ चिल्डेरिक आणला. यात लेओदेगार आघाडीवर होता. एब्रोइनची रवानगी लुक्सयच्या मठात. मग लेओदेगारचंही नव्या राजाशी बिनसलं आणि तोही त्याच मठात! ६७५ मध्ये चिल्डेरिकचा खून झाला, दोघेही सुटले आणि एब्रोइननं सूड उगवला. सांगा, यात श्रद्धेसाठी मरण कुठे आहे?

सांजवारा
बिनसलं कशावरून, तेही सांगा की. चिल्डेरिकनं सख्ख्या चुलत बहिणीशी लग्न केलं होतं. लेओदेगारनं त्याला विरोध केला. शिवाय ६७३ मध्ये एब्रोइनचा जीव वाचला तो बिशपांच्या रदबदलीमुळे, आणि त्यांत लेओदेगार होता. नुसता सत्तेचा भुकेला माणूस शत्रूला जिवंत ठेवेल?

जुनी वही
रदबदलीची गोष्ट येते कुठून? मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत लिहिलेल्या चरित्रातून. ते लिहवून घेतलं हर्मेनारनं, म्हणजे लेओदेगार पडल्यावर ज्याला त्याची जागा मिळाली त्या बिशपानं. अशा माणसाला आधीच्या बिशपाचा गौरव हवाच असणार. चरित्र खोटं म्हणत नाही, पण ते कोणाच्या सोयीचं आहे हे विसरू नका.

सांजवारा
मान्य. पण वेढ्याचं काय? चिल्डेरिकच्या खुनानंतर थ्यूडेरिक पुन्हा गादीवर आला होता. एब्रोइनच्या माणसांनी क्लोव्हिस नावाचा तोतया राजा उभा केला होता. ‘यालाच राजा मान’ असं सांगत ते ओतांच्या वेशीशी आले. लेओदेगारनं थ्यूडेरिकशी इमान सोडलं नाही. चांदीची भांडी फोडून गरिबांत वाटली, शहर वाचावं म्हणून स्वतः बाहेर गेला. त्याचे डोळे काढले, पुढे ओठ आणि जीभ कापली. इतकं सोसलेल्या माणसाला हिशेबी म्हणवत नाही मला.

रानवाट
ज्या थ्यूडेरिकशी इमान, त्यालाच दोन-तीन वर्षांपूर्वी यानं खाली खेचायला हातभार लावला होता! शौर्य मी नाकारत नाहीच. पण तो शूर राजकारणी होता, एवढंच.

जुनी वही
आणखी एक. रुआंचा बिशप ओदोएन एब्रोइनच्या बाजूचा होता, आणि तोही संत! म्हणजे संतपद एका पक्षाकडे नव्हतंच. लेओदेगारवर शेवटी चिल्डेरिकच्या खुनात सामील असल्याचा ठपका ठेवला. बिशपांच्याच सभेनं त्याची वस्त्रं फाडून पद काढून घेतलं, मग ६७९ च्या सुमारास त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा भाऊ गेरिन त्याआधीच दगडांनी ठेचून मारला गेला.

सांजवारा
बिशपांनी टाकलेल्या माणसाला लोकांनी संत केलं. रानवाट, तुमच्या हिशेबात या लोकांना जागा आहे का?

रानवाट
आहे. पण लोकांनी आंधळ्या, छळलेल्या म्हाताऱ्यापुढे हात जोडले. ६७३ मध्ये राजे बदलणाऱ्या बिशपापुढे नाही.