बाहेरून टाकलेलं अ‍ॅप, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ आणि बँक: कुलपं किती ठेवायची?

कोरा_कागद
फोन अँड्रॉइड १४. आवाजाच्या बटणाला टॉर्च जोडायचा म्हणून ‘की मॅपर’ची एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) क्रोममधून उतरवून टाकली. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (दिव्यांगांना मदत करणाऱ्या सेवांच्या) यादीत तिचं नाव करडं दिसतंय, दाबलं की ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ची पाटी. हे कुलूप काढायचं कसं? काढलं तर यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स चालतील का? की सरळ बूटलोडरच (फोन सुरू करणारा, कंपनीचीच सिस्टिम चालू देणारा प्रोग्रॅम) उघडावा? घरातल्या ज्येष्ठांचा फोन मात्र घट्ट बंद ठेवायचाय, त्याचंही सांगा.

उंबरठा
हे कुलूप अँड्रॉइड १३ पासून (२०२२) आहे. ब्राउझर किंवा फाइल मॅनेजरमधून एपीके उघडून टाकलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी सहजी मिळत नाही. काढायचा क्रम उलटा केला की लोक अडकतात:

आधी अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन ते करडं नाव दाबा, पाटी येऊ द्या, बंद करा. *मग* सेटिंग्ज > अ‍ॅप्स > की मॅपर, वर उजवीकडे तीन ठिपके, ‘अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’, पिन. पाटी एकदा दिसल्याशिवाय तीन ठिपक्यांत तो पर्याय उगवतच नाही, म्हणून ‘माझ्या फोनमध्ये हे नाहीच’ अशी तक्रार सगळीकडे दिसते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रोमला दिलेली ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ची परवानगी आत्ताच काढून घ्या. अँड्रॉइड ८ पासून ती प्रत्येक अ‍ॅपला वेगळी असते. एकट्या एफ-ड्रॉइडला (खुल्या स्रोताच्या अ‍ॅप्सचं दुकान) द्या आणि ‘की मॅपर’ तिथूनच घ्या, म्हणजे अपडेटही मिळतील. एफ-ड्रॉइड बहुतेक अ‍ॅप्सवर स्वतःची डिजिटल सही करतं, त्यामुळे दुसरीकडून घेतलेल्या प्रतीवर त्यांची प्रत बसत नाही आणि ‘अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड’ येतं. सेटिंग्जचा बॅकअप घ्या, जुनी काढा, मग नवी टाका.

सातबारा
बँकेचं उत्तर दोन भागांत.

अ‍ॅक्सेसिबिलिटी चालू असलेलं अ‍ॅप पडद्यावरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. म्हणून काही बँकांची अ‍ॅप्स अनोळखी सेवा चालू दिसली की उघडत नाहीत. काही तर डेव्हलपर ऑप्शन्स (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची लपलेली सेटिंग्ज) चालू असले तरी रुसतात. उपाय बिनडोक आहे पण चालतो: व्यवहाराआधी सेवा बंद, नंतर चालू. अ‍ॅक्सेसिबिलिटी शॉर्टकट लावून ठेवला की दोन सेकंदांचं काम.

बूटलोडर ही वेगळीच गोष्ट. उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. त्यानंतर फोन सुरू होताना बूटलोडरची स्थिती चिपमधल्या सुरक्षित भागाकडे नोंदली जाते, आणि तिथून सहीनिशी निघणारा दाखला वर चालणाऱ्या सिस्टिमला बदलता येत नाही. गूगलच्या प्ले इंटेग्रिटीत (फोन विश्वासाचा आहे का ते अ‍ॅप्सना सांगणारी तपासणी) तीन पायऱ्या आहेत: बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग. उघड्या बूटलोडरवर वरच्या दोन गळतात, आणि बरीच पैशांची अ‍ॅप्स निदान ‘डिव्हाइस’ मागतात. वाइडवाइन (सिनेमांची नक्कल रोखणारी यंत्रणा) एल१ चा एल३, म्हणजे खालच्या पातळीचा, झाला तर सिनेमेही साध्या दर्जात दिसतात. सॅमसंगमध्ये अनधिकृत सिस्टिम टाकली की नॉक्सचा (सॅमसंगची सुरक्षा यंत्रणा) फ्यूज उडतो तो कायमचा. मूळ सिस्टिम परत टाकली तरी सिक्युअर फोल्डर (खाजगी गोष्टींचा कुलूपबंद कप्पा) परत येत नाही.

आणि बदललेली सिस्टिम तशीच ठेवून बूटलोडर पुन्हा बंद करू नका. सही जुळत नाही, फोन सुरूच होत नाही.

चकवा
माहिती बरोबर, पण हे सगळं ‘सुरक्षेसाठी’ आहे असं वाचून जाऊ नका. गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस (सुरक्षेवर भर देणारी वेगळी अँड्रॉइड सिस्टिम) टाकून बूटलोडर स्वतःच्या किल्लीने पुन्हा बंद करता येतो आणि सुरक्षा अपडेट वेळेवर येतात. तरी त्याला ‘बेसिक’पुढे जाऊ देत नाहीत. उलट तीन वर्षांत एकही पॅच (सुरक्षा दुरुस्ती) न मिळालेला, पण कंपनीची मूळ सिस्टिम असलेला फोन ‘डिव्हाइस’ला आरामात पास. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर वर्षभरातला पॅच लागतो, पण तो फक्त ‘स्ट्राँग’साठी. ही तपासणी फोन किती सुरक्षित आहे ते मोजत नाही, तो कुणाच्या शिक्क्याचा आहे ते पाहते.

अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या कुलपाबद्दल तक्रार नाही. पिन मालकाकडे आहे, दार त्याला उघडता येतं. अशी कुलपं हवीतच.

सातबारा
@चकवा, मान्य. पण प्रश्नकर्त्याचं काम यूपीआयवर चालतं, तत्त्वावर नाही. यूपीआयची नोंदणी सिमशी बांधलेली असते, म्हणून सिम कुलूपबंद फोनमध्ये ठेवा आणि प्रयोगाला जुना फोन घ्या, विना सिम, वायफायवर.

उंबरठा
ज्येष्ठांच्या फोनचं राहिलं. ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती टाकली की ‘अपडेट करा’ म्हणते आणि स्वतः दुसरं अ‍ॅप टाकते. हा दुसरा टप्पा प्ले स्टोअरसारखं दुकान टाकतं त्या पद्धतीने टाकला तर वरचं कुलूप त्याला लागत नाही, म्हणून त्या एका कुलपावर विसंबू नका. ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’मध्ये व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम, फाइल्स सगळे बंद. प्ले प्रोटेक्ट (गूगलची अ‍ॅप्सची तपासणी) चालू. सॅमसंग असेल तर सिक्युरिटी अँड प्रायव्हसीमध्ये ऑटो ब्लॉकर. अँड्रॉइड १६ असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन, ते बाहेरची अ‍ॅप्सच रोखतं.

चुकून टाकलंच तर आधी विमान मोड, आणि *दुसऱ्या* फोनवरून बँक आणि १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). असलं अ‍ॅप सेटिंग्ज उघडली की स्वतःच ‘मागे’ दाबतं, काढू देत नाही. बऱ्याच फोनवर ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की सेफ मोड मिळतो. त्यात बाहेरची अ‍ॅप्स झोपलेली असतात. आधी डिव्हाइस अ‍ॅडमिनमधून (फोनवर खास अधिकार असलेल्या अ‍ॅप्सची यादी) त्याचं नाव काढा, मग अनइन्स्टॉल. नेटवर्क परत आलं की ##००२# लावून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा.

कोरा_कागद
पाटी येऊ दिल्यावर पर्याय दिसला, टॉर्च लागला. बूटलोडर राहू दे. पण पुढे एफ-ड्रॉइड चालेल ना? डेव्हलपरांच्या नोंदणीचं काहीतरी ऐकलं.

चकवा
गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय: ओळख न पटवलेल्या डेव्हलपरचं अ‍ॅप प्रमाणित फोनवर साध्या मार्गाने बसणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, बाकी देश २०२७ पासून पुढे. एफ-ड्रॉइडने जाहीर विरोध केला. नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणत्यांसाठी इशारे देणारी वेगळी वाट ठेवू असं सांगितलं, शिवाय एडीबीचा (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) रस्ता उघडा राहणार आहे. तेव्हा संगणकावर एडीबी बसवून वायरलेस डिबगिंगने एखादं अ‍ॅप टाकून बघा, हात बसेल. झालं की डेव्हलपर ऑप्शन्स बंद करा, नाहीतर बँक पुन्हा रुसेल.